दाबून लिहायची सवय

९ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. पंधरवडा उलटून तीन दिवस झालेत, माहीत आहे. ही नोकरी लावून देताना तुमची एकच अट होती, की दर पंधरा दिवसांनी हाताने लिहिलेलं पत्र आलं पाहिजे. ती मोडली म्हणून तुम्ही काकूला फोन करायला लावलात, आणि फोनवर ती बिचारी काय म्हणाली, तर "पत्र लिही." एवढं फोनवर सांगता येतं तर बाकीचं का नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

काम ठीक चाललंय. आमचा नकल विभाग म्हणजे तळघरातली एक खोली. खिडकी छताला लागून, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. आता मी बुटांवरून साहेब ओळखतो. खोलीत माणसं दोनच, अण्णा आणि मी. अण्णा तीस वर्षं प्रती काढायच्या मशीनपाशी आहेत, चार महिन्यांनी निवृत्त होतील. मशीन अडलं की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "चल राजा, एवढं काढ आणि झोप." आणि ते खरंच चालू होतं.

वरून लाल शिक्क्याचा, म्हणजे गुप्त कागद आला की आम्ही दाराला कडी घालतो. सांगितल्या असतील तेवढ्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर नंबर घालायचा. वाकड्या, काळ्या, अर्ध्या निघालेल्या प्रती माझ्या वाट्याला. मी त्या फाडायच्या मशीनमध्ये घालतो. मग अण्णा विचारतात, "किती रे?" मी म्हणतो, "नऊ." ते वहीत नऊ लिहून सही करतात. चष्मा कपाळावर असतो, पण तो खाली घेत नाहीत. म्हणतात, "तू मोजलेस ना? मग झालं."

ती आज हसली. तुम्ही कपाळाला हात लावला असेल, तरी लिहितो. सरांनी वर्गात तिच्या बोलण्याची नक्कल केली म्हणून मी डस्टर फेकला, दुसऱ्या वर्षातच माझं कॉलेज सुटलं, आणि तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तुला सांगितलं होतं कोणी?" गेलं वर्षभर तेवढ्यावर काढलं. आज कॉलेजसमोरच्या चहाच्या दुकानात मी बुटांची गोष्ट सांगितली आणि ती हसली. दात दिसले इतकी.

फक्त हल्ली तिच्याबरोबर एक चष्मेवाला असतो. वर्तमानपत्रात बातम्या लिहितो. खुर्चीत असा बसतो की देश जणू त्याला विचारून चाललाय. मला म्हणतो, "काय साहेब, आज किती कोरे कागद काळे केलेत?" ती त्यालाही हसते. हसू दे. माझ्याजवळ आता असं काही आहे की ते बघून त्याचं तोंड उतरेल. काय ते विचारू नका.

काकूला नमस्कार.

तुमचा
तडतड्या


१४ जानेवारी

चि. तडतड्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. कागद उलटा धरला तरी बोटांनी वाचता येईल असं लिहिलं आहेस. चौथीत तुझ्या वहीची पानं फाटायची, तेव्हापासून सांगतो आहे, पेनावर राग काढू नये. हलकं धर. कागद पळून जात नाही.

मुलगी हसली, आनंद आहे. ती गोष्टीला हसली की तुला बघून, याचा तपास सावकाश कर. पस्तीस वर्षं लोकांच्या सह्या आणि अक्षरं तपासली, त्यात एवढं कळलं की माणसाला जे दिसायला हवं असतं तेच त्याला आधी दिसतं. मीही त्यातून सुटलेलो नाही. तुझी काकू मला पहिल्यांदा हसली ते माझ्या टोपीला, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.

"विचारू नका" म्हणतोस ते विचारत नाही. पण ज्याच्याबद्दल असं लिहावं लागतं ती वस्तू बहुधा जागेवर ठेवून द्यावी. अण्णांना माझा नमस्कार सांग. ते चष्मा लावत नसतील तर तू दोनदा मोजत जा.

काकू म्हणते, केस काप.

काका


२७ जानेवारी

ती. काका,

पंधरा दिवस व्हायच्या आत लिहितोय, यावरून समजा. बातमी तुम्ही वाचलीच असेल. सीमेवरच्या कुठल्या चौक्या थंडीत रिकाम्या करायच्या, कोणत्या तारखांना, त्याचा तक्ता पहिल्या पानावर फोटोसकट छापून आला. तो आमच्याच खोलीतून निघाला होता. म्हणजे त्याच्या सात प्रती आमच्याकडे काढल्या होत्या, असं म्हणायचंय मला.

दुसऱ्या दिवशी तिघे आले. त्यांतल्या एकाचा मफलर बोलताना सुटायचा आणि तो पुन्हा गुंडाळायचा, म्हणून मी त्याला मनात मफलरवाले साहेब म्हणतो. आवाज चढवत नाहीत. साती प्रती जिथल्या तिथे सापडल्या. छापलेल्या कागदाला नंबरच नव्हता. म्हणजे तो बिघडलेल्या प्रतींपैकी. वहीत त्या दिवशी "बारा बिघडल्या, बारा फाडल्या" आणि खाली अण्णांची सही.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतः मोजल्या?"

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही माझी आहे साहेब."

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की वही अण्णांकडे असते आणि सही तेच करतात. यात खोटं काहीच नाही.

अण्णांना घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत निलंबित. जाताना त्यांनी फक्त आपला चहाचा कप घेतला, आणि मशीनच्या पाठीवर एक थाप मारली. मला म्हणाले, "तापलं की दहा मिनिटं बंद ठेव. तुझ्यासारखंच आहे ते."

हे कोणी केलं असेल कळत नाही. वरच्या मजल्यांवर शंभर माणसं आहेत, एवढ्या सगळ्यांना सोडून त्या म्हाताऱ्याला धरतात याचा मला संताप येतो.

तिची गाठ नाही. चहाच्या दुकानात दोघंही दिसत नाहीत.

तडतड्या


२ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,

आशीर्वाद. एक बातमी माझीही द्यायची राहिली. मला कामावर परत बोलावलं आहे, याच प्रकरणासाठी. वर्तमानपत्राच्या कचेरीतून मूळ कागद ताब्यात आला, तो तपासायचा आहे. इथल्या प्रयोगशाळेत तिरप्या उजेडाचं काम जमणारं आता कोणी उरलं नाही म्हणतात. तीन वर्षं घरात नळाची तोटी आणि काकूचे टोमणे यांच्यात काढल्यावर असं बोलावणं आलं की माणूस कोट इस्त्री करून बसतो. मी बसलो. रुजू होताना एक फॉर्म भरला, त्यातला एक रकाना घाईत कोरा राहिला. त्याबद्दल पुढे कधीतरी.

काम कसं असतं ते तुला लहानपणी दाखवलं होतं, आठवतं का? खोलीत अंधार करायचा, कागद सपाट ठेवायचा आणि दिवा कागदाच्या जवळजवळ बरोबरीला आणायचा. कोणी त्या कागदावर दुसरा कागद ठेवून काही लिहिलं असेल तर पेनाचे खड्डे सावल्या होऊन उभे राहतात. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. म्हणालास, "काका, कागदाला सगळं लक्षात राहतं."

एक विचारतो. अजून तसंच दाबून लिहितोस का? आणि पत्रं कशावर ठेवून लिहितोस?

अण्णांना भेटायला गेलास का? जा.

तुला काही लिहावंसं वाटलं तर पंधरवड्याची वाट बघू नकोस.

काका


६ फेब्रुवारी

ती. काका,

तुम्हाला परत बोलावलं हे वाचून छाती फुगली. आता अण्णा नक्की सुटतील. जगाला फसवता येईल, तुम्हाला नाही.

हो, दाबूनच लिहितो, सवय जात नाही. कार्डबोर्डचं पॅड आहे, चिमटा असलेलं, त्यावर ठेवून लिहितो. एवढ्या धावपळीत माझ्या अक्षराची काळजी करता, काकू म्हणते ते खरं आहे, तुम्ही बदलणार नाही.

अण्णांकडे गेलो होतो. दोन खोल्या आहेत, पुढच्या खोलीत त्यांची बायको शिवणयंत्रावर बसलेली. मला बघून मशीन थांबवलं नाही. अण्णा आतून आले. दाढी वाढलीय. घरात चष्मा लावून बसतात, आणि चष्म्यात ते वेगळेच दिसतात, कोणी कारकून असावेत तसे. मला म्हणाले, "बस. एक विचारू? मी रोज तो दिवस आठवतो. दुपारी मशीन अडलं, आपण दोनदा उघडलं. बाराच होत्या ना रे?"

मी म्हटलं, "बाराच."

ते म्हणाले, "मग झालं." आणि खरोखरच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी मला चहा दिला. कामावरून आणलेल्या त्यांच्या त्या कपातून दिला. मी तो प्यालो.

काका, चूक त्यांचीही आहे ना थोडी? मोजायचं काम कोणाचं? सही करणाऱ्यानेच मोजायला हवं. मी कोणावर ढकलत नाहीये, नियम सांगतोय.

ती काल रस्त्यात दिसली. मी हाक मारली. तिने रस्ता ओलांडला.

तडतड्या


१० फेब्रुवारी

चि. तडतड्यास,

हे पत्र एकटा असताना वाच.

ज्या दिवशी तुला मागचं पत्र लिहिलं त्याच दिवशी सकाळी मी तो कागद दिव्याखाली घेतला होता. पाठीमागून काही दिसलं नाही. पुढून, तक्त्याच्या ओळींच्या मध्ये, एक अक्षर उभं राहिलं. मग दुसरं. मी पेन्सिल घेऊन उतरवून घेत गेलो, नेहमीसारखं, अर्थ न लावता. अर्थ आधी लावला तर डोळे फसवतात. अर्धं वाक्य झालं तेव्हा हात थांबला. "ती आज हसली."

खाली "तुम्ही कपाळाला हात लावला असेल." मी खरोखरच लावलेला होता.

नऊ जानेवारीचं तुझं पत्र माझ्या कपाटात आहे. तो कागद तुझ्या पॅडवर चिमट्यात होता आणि तू त्यावर ठेवून मला पत्र लिहीत होतास. "माझ्याजवळ आता असं काही आहे" हे वाक्यसुद्धा त्यावरच उमटलं आहे, चौकी क्रमांक चारच्या रकान्यात.

मफलरवाले साहेब शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "काही मिळालं?" मी म्हटलं, "खुणा आहेत, पण वाचता येत नाहीत." पस्तीस वर्षांत हे वाक्य मी खोटं कधी बोललो नव्हतो. ते म्हणाले, "तुम्हाला येत नाही म्हणजे कोणालाच येणार नाही," आणि मला खुर्ची ओढून दिली. त्या खुर्चीवर मी रोज बसतो आहे.

तुला दोन प्रश्न विचारले आणि तू मला पॅडच्या चिमट्यापर्यंत सगळं सांगितलंस. मला काळजी वाटते असं तुला वाटलं. तपासणारा म्हणून माझं काम झालं, काका म्हणून मी फसलो. तुला विचारायचं होतं ते सरळ विचारायला हवं होतं.

अण्णांच्या कपातला चहा प्यालास हे मात्र तू आपणहून लिहिलंस. ते नसतं लिहिलंस तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

चौक्यांवर दोनशे माणसं आहेत. तारखा फुटल्या म्हणून त्यांचं खाली येणं रद्द झालं, ती अजून बर्फात आहेत. अण्णांची सुनावणी एकोणीस तारखेला आहे, माझा अहवाल अठराला द्यायचा आहे. त्या अहवालात काय लिहायचं ते मला माहीत आहे. लिहिण्याची हिंमत आहे की नाही, ते माहीत नाही. तुझे वडील गेले तेव्हा तू माझ्या बोटाला धरून उभा होतास. तेच बोट मी दिव्याच्या बटणावर ठेवतो आणि उचलतो.

मी तुला काही करायला सांगत नाही. सांगण्याची माझी लायकी सध्या नाही.

काका


१३ फेब्रुवारी

ती. काका,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय. पॅड नाही, पॅड आता पुरावा आहे. म्हणून टेबलावर लिहितोय आणि ओळी वाकड्या जातायत.

प्रती तेरा बिघडल्या होत्या. मशीन दोनदा अडलं, अण्णा आत हात घालून अडकलेला कागद काढत होते, आणि त्यांनी विचारलं, "किती रे?" तेरावी माझ्या शर्टाच्या आत होती. मी म्हटलं, "बारा." त्यांचा हात मशीनमध्ये पोळला होता, बोट तोंडात धरून त्यांनी दुसऱ्या हाताने सही केली. पुढचे नऊ दिवस तो कागद माझ्या पॅडवर होता. खरं सांगतो, तो मी एकदाही नीट वाचला नाही. चौक्या कुठे आहेत, तिथे कोण राहतं, काही नाही. मला फक्त त्याचा लाल शिक्का हवा होता.

अठरा जानेवारीला चहाच्या दुकानात चष्मेवाल्याने पुन्हा विचारलं, आज किती कोरे कागद काळे केलेस. मी तो कागद टेबलावर आपटला. म्हटलं, "वाच. तुला परवा कळेल ते मला आधीच कळतं." तो गप्प झाला. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं, आणि ते गप्प होणं फार तर चहाचा अर्धा कप टिकलं. ती म्हणाली, "हे उचल. आत्ता. तुला कळतंय का हे काय आहे?" तिच्या आवाजात भीती होती. मला ती भीती कौतुकासारखी ऐकू आली. मी उठलो आणि कागद तिथेच ठेवून निघालो. वळून बघितलं नाही, कारण वळून न बघता जाणारा माणूस भारी दिसतो असं मला वाटलं.

तुमच्याशी इतके दिवस खोटं बोललो त्याला मी मनात नाव ठेवलं होतं, "तिला वाचवणं." मी पकडलो गेलो तर तिचंही नाव येईल, म्हणून गप्प. तुमचं पत्र आलं त्या दिवशी तिच्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "माझं नाव मीच परवा सांगून आले. काय बघितलं ते सगळं. तुझं नाव तेवढं सांगितलं नाही. म्हटलं, ते ज्याचं त्याने सांगावं. आठ दिवस वाट बघेन म्हटलं, मग मी सांगेन." मग म्हणाली, "डस्टर फेकलास तेव्हाही तू माझ्यासाठी फेकलास असं सगळ्यांना वाटलं. मला तर तेव्हाही कोणी विचारलं नाही." यावर मला राग आला नाही. राग न येण्याची ही पहिलीच वेळ. फार रिकामं वाटतं.

काका, चहा पिताना मला माहीत होतं. कप तोंडाला लावला तेव्हा कान तापले. तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, अर्धा ठेवला तर अण्णांना संशय येईल म्हणून. इतका हिशेबी मी आयुष्यात पहिल्यांदा झालो, आणि तो त्यांच्या घरात. तुम्ही खुर्चीचं लिहिलंत ते वाचवेना. माझ्यामुळे तुम्ही त्या खुर्चीवर तसे बसलात.

उद्या सकाळी आधी अण्णांकडे जाणार, मग मफलरवाल्या साहेबांकडे. आधी साहेबांकडे गेलो तर अण्णांना ते दुसऱ्याकडून कळेल, ते मला नको आहे. दार त्यांची बायको उघडेल. तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाही.

तुमच्याकडे माझी पत्रं आहेत ती अहवालाला जोडा. सगळी. काकूला माझ्याबद्दल तुम्ही सांगू नका, मीच लिहीन. तेवढी एक मुदत द्या.

तडतड्या


२० फेब्रुवारी

चि. तडतड्यास,

तू जिथे आहेस तिथे पत्र आधी उघडून वाचतात असं कळलं. वाचू देत. त्यांचंही काम आहे.

चौदा तारखेला तू तिकडे कचेरीत पोचलास तेव्हा मफलरवाले साहेब इथे प्रयोगशाळेत आले होते आणि मी त्यांच्यासमोर होतो. त्यांना म्हटलं, त्या दिवशी वाचता येत नाही म्हणालो ते खोटं होतं, पहिल्या ओळीपासून वाचता येत होतं. ते बराच वेळ मफलर गुंडाळत राहिले. मग मला फक्त "बसा" म्हणाले, आणि मला बसवेना. नव्याने तपासायला दुसरा माणूस बोलावला आहे. चांगला आहे, दिवा जरा उंच धरतो, ते मी त्याला सांगितलं. माझ्यावर काय करायचं ते वरून ठरेल. कोट मी काकूला कपाटात ठेवायला सांगितला. तुझं पत्र तिला काल मिळालं, ते तिने उशीखाली ठेवलं आहे, आणि मला वाचायला देत नाही.

तुझी अकरा पत्रं मी स्वतः जाऊन नमुना म्हणून जमा केली. कारकून एकेक मोजत होता. म्हटलं, चष्मा लावून मोजा.

तिथून गाडी पकडून अण्णांकडे गेलो. त्यांची एकोणीसची सुनावणी झाली नाही, त्यांना कामावर परत घेतलं आहे. दार उघडताच म्हणाले, "तुमचा पोरगा इथे येऊन गेला. माझ्या बायकोसमोर उभा राहिला आणि एक शब्द बोलता येईना त्याला. शेवटी तिनेच शिवणयंत्र थांबवलं." मग म्हणाले, "पोराने बारा म्हटलं आणि मी सही केली. माझीही चूक आहेच." मी म्हटलं, "माझी तुमच्याहून मोठी आहे." चहा त्यांनी मला साध्या पेल्यात दिला. तू प्यालास तो कप फळीवर पालथा होता.

आता त्या रकान्याबद्दल. रुजू होताना भरलेल्या फॉर्मवर विचारलं होतं, "प्रकरणाशी संबंधित कोणाशी आपलं नातं आहे काय?" तू त्याच खोलीत कामाला आहेस हे मला तेव्हाच माहीत होतं. लिहिलं असतं तर मला बोलावलं नसतं. म्हणून मी तो कोरा सोडला, आणि तुला घाई म्हणून लिहिलं. पोरा, तू लाल शिक्क्यासाठी जे केलंस ते मी एका खुर्चीसाठी केलं.

पत्रं जमा करताना तोच फॉर्म पुन्हा पुढे आला. नमुन्यातलं अक्षर कोणाचं, आणि त्याच्याशी नातं. या वेळी मी तो भरला. "पुतण्या" लिहिलं. कारकून म्हणाला, "काका, जरा हलक्या हाताने, खालच्या कागदावर उमटतंय."

पंधरा दिवसांची अट कायम आहे. दाबून लिहिलंस तरी चालेल.

काका